पाळणे आणि पालटणे



राखेच्या बुधवारची मिस्सा संपली होती. कपाळावर राख घेतलेली माणसे मंदिराच्या आवारात दोन-दोन, चार-चार उभी राहून बोलत होती. त्यांपैकी एक गृहस्थ आमच्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, रविवारची मिस्सा आमची कधी चुकत नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी घरात मांस शिजत नाही. नाताळाला आणि ईस्टरला पापनिवेदन होतं. वर्गणी दिलेली आहे. आता या चाळीस दिवसांत आणखी काय पाळायचं, तेवढं सांगा."

आम्ही त्यांना सांगितले, की दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला या, आणि जमल्यास एक वेळचे जेवण वाचवून ते पैसे गरिबांच्या पेटीत टाका. त्यांनी मान डोलावली व ते निघून गेले. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु निवासस्थानी परतल्यावर आम्हांस चैन पडेना. कारण हे गृहस्थ आपल्या सख्ख्या धाकट्या भावाशी अकरा वर्षे बोललेले नाहीत, हे आम्हांला ठाऊक होते. गावातल्या लहान मुलालाही ते ठाऊक आहे. भांडण शेताच्या बांधाचे. नांगरताना दरवर्षी वीतभर, वीतभर बांध कोरला गेला, हद्दीचा दगड सरकला, मोजणी झाली, ती मोजणी मान्य झाली नाही, आणि प्रकरण तालुक्याच्या न्यायालयात गेले. रविवारी दोघेही भाऊ मंदिरात असतात. एक उजवीकडच्या खिडकीशी बसतो, दुसरा मागे, दाराजवळ. शांतीची खूण देण्याची वेळ आली की दोघेही आपापल्या शेजाऱ्यांना हात जोडतात. त्यानंतर दोघेही रांगेत येतात आणि एकाच धर्मगुरूच्या हातून पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारतात.

(घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत. पापनिवेदनात ऐकलेले ह्यात काहीही नाही, हे सांगण्याची गरज नसावी.)

ह्या गृहस्थांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. "काय पाळायचं?" असा प्रश्न त्यांनी विचारला, कारण लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही धर्मगुरूंनी आणि मास्तरांनी त्यांना तोच प्रश्न शिकविला. 'माझ्यात काय पालटायला हवे?' हा प्रश्न आम्ही त्यांना क्वचितच शिकविला. पाळणे आणि पालटणे ह्या दोहोंचा संबंध काय, ह्याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे आणि आपल्या ह्या जिल्ह्याच्या मातीत त्याची कोणती उदाहरणे सापडतात, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

नियम कशासाठी आहेत?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. काही तरुण मंडळी म्हणतात, "देव मनात असला म्हणजे झाले, मिस्सेला गेलेच पाहिजे असे थोडेच आहे?" आमचे म्हणणे असे मुळीच नाही. ज्याच्या मनात देव आहे असे तो सांगतो, त्याने आठवड्यातून एक तास त्या देवापुढे येऊन बसण्यास कुरकूर का करावी, हे आम्हांला आजवर कळलेले नाही.

ख्रिस्तसभेच्या पाच आज्ञा आपण पाठ केल्या आहेत: रविवारी व आज्ञापित सणांच्या दिवशी मिस्साबलिदानात भाग घेणे, वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करणे, निदान ईस्टरच्या काळात कम्युनियन स्वीकारणे, ठरविलेल्या दिवशी उपवास व मांसवर्ज्य करणे, आणि ख्रिस्तसभेच्या गरजा भागविण्यास हातभार लावणे. ह्यांतील 'निदान' हा शब्द महत्त्वाचा आहे. वर्षातून एकदा पापनिवेदन व ईस्टरला कम्युनियन हा नियम १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन धर्मसभेने केला, कारण त्या काळी अनेक ख्रिस्ती जन वर्षानुवर्षे वेदीकडे फिरकत नसत. म्हणजे नियम आला तो घसरण थांबविण्यासाठी. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक श्रद्धाग्रंथातही ह्या आज्ञांचा उल्लेख प्रार्थना व नैतिक जीवनाची अत्यावश्यक किमान मर्यादा असाच केलेला आहे.

आपल्याकडे दहावीला पस्तीस गुणांची मर्यादा असते. पस्तीस गुण मिळाले की मुलगा उत्तीर्ण होतो, नापास म्हणून त्याला कोणी हिणवू शकत नाही. पण पस्तीस गुण मिळविणे हेच शिक्षणाचे ध्येय आहे, असे कोणी आई-वडील आपल्या मुलाला शिकवीत नाहीत. श्रद्धेच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करीत आलो आहोत.

भीतीने किंवा कर्तव्य म्हणून केलेले धर्माचरण ख्रिस्तसभा तुच्छ मानीत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. पापाचा पश्चात्ताप दोन प्रकारचा असतो. देवावरील प्रेमापोटी जो होतो तो पूर्ण पश्चात्ताप, आणि शिक्षेच्या भीतीने किंवा पापाच्या किळसेमुळे जो होतो तो अपूर्ण पश्चात्ताप. १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने स्पष्ट केले, की हा अपूर्ण पश्चात्तापसुद्धा देवाचेच दान आहे. पवित्र आत्मा अद्याप अंतःकरणात वस्तीला आलेला नसला तरी तोच बाहेरून त्याला हलवीत असतो. म्हणून जो माणूस आज केवळ नरकाच्या भयाने किंवा आईच्या आग्रहाने मंदिरात येतो, त्याला आम्ही परत पाठविणार नाही. संत पौलाने नियमशास्त्राला मुलाचे बोट धरून नेणाऱ्या राखणदाराची उपमा दिली आहे. राखणदार हवाच. पण चाळीस वर्षांचा माणूस अजून राखणदाराचे बोट धरून चालत असेल, तर कोठेतरी काहीतरी थांबले आहे.

एका शब्दाविषयी

शुभवर्तमानाच्या आरंभी प्रभू येशू जी हाक देतो, तिच्यासाठी मूळ ग्रीक भाषेत 'मेटानोइया' हा शब्द आलेला आहे. मराठीत आपण त्याचे भाषांतर बहुधा 'पश्चात्ताप' असे करतो. सेमिनरीत शिकत असताना आमचे एक प्राध्यापक ह्या भाषांतरावर नेहमी अडून बसत. ते म्हणत, 'पश्चात् ताप' म्हणजे मागाहून होणारी जळजळ. ती तर चोरालाही पकडले गेल्यावर होते. ग्रीक शब्दाचा अर्थ निराळा आहे. मन पालटणे, विचार करण्याची दिशाच फिरणे, असा तो अर्थ. पश्चात्ताप मागे पाहतो, 'मेटानोइया' मागचे पाहून पुढे वळते. यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडून देव आपल्या लोकांना जे वचन देतो, तेही असेच आहे: दगडाचे हृदय काढून त्या जागी मांसाचे हृदय देण्याचे. दगडावर नियम कोरता येतात, पण दगडाला कळवळा येत नाही.

पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २००५ साली आपल्या पहिल्याच विश्वपत्राच्या आरंभी हाच मुद्दा मांडला. ख्रिस्ती होणे हे एखाद्या नैतिक निर्णयाने किंवा उदात्त कल्पनेने घडत नाही, ते एका व्यक्तीच्या भेटीने घडते, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. ही भेट झाली की नैतिकता मागोमाग येते. भेटच झालेली नसेल, तर नैतिकतेचे ओझे होते. ते काही जण मुकाट्याने वाहतात आणि काही जण तारुण्यात पदार्पण करताच खाली टाकून देतात.

राहुरीतील पाण्याचा हंडा

अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी घडलेला एक प्रसंग ह्या संदर्भात आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. तो लक्ष्मीबाई टिळक ह्यांच्या आयुष्यातील आहे. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले, आणि मराठीच्या उत्तम ग्रंथांत त्याची गणना होते. टिळक कुटुंब अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हे. परंतु पवित्र आत्मा आपल्या कुंपणाबाहेरही कार्य करतो, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आदेशपत्रात मान्य केलेले आहे. आम्हांला ते मान्य करण्यात कमीपणा वाटत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मधला. माहेर नाशिकजवळचे, ब्राह्मण घराणे. वडिलांचे सोवळे इतके विलक्षण कडक, की बाजारातून घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घेतली जाई. ज्या मुलीचे सारे बालपण अशा धुण्या-शिवण्यात गेले, तिचे अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले, आणि त्याच टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे पती-पत्नी एकमेकांपासून दूर राहिली. पुढे मुलाला घेऊन त्या नगरला आल्या खऱ्या, पण आपली चूल वेगळी आणि आपले पाणी वेगळे, हे व्रत त्यांनी सोडले नाही. टिळकांनीही सक्ती केली नाही. ज्याने स्वतः समाजाचा एवढा छळ सोसला, त्या पतीने पत्नीच्या सोवळ्याला धक्का न लावता वाट पाहावी, ही गोष्ट आमच्या मते त्यांच्या कवितांइतकीच मोठी आहे.

आणि मग एका रात्री लक्ष्मीबाईंच्या मनात विचारांची साखळी सुरू झाली. देवाने प्राण्यांच्या जाती निर्माण केल्या, त्या डोळ्यांना दिसतात. माणसामाणसांत मात्र तशी कोणतीही खूण त्याने ठेवलेली नाही. मग हा भेद देवाचा कसा? तो माणसाचाच असला पाहिजे. आणि माणसाचाच असेल, तर तो पाळून मी देवाला काय देते? त्या रात्रीनंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्यांना संकोच उरला नाही. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० मध्ये, राहुरीत.

ह्या घटनाक्रमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आधी बाप्तिस्मा, मग 'आता ख्रिस्ती झालो म्हणून कोणाच्याही हातचे पाणी प्यायलेच पाहिजे' असा नियम, आणि मग नाइलाजाने त्या नियमाचे पालन, असे येथे झाले नाही. आतील गाठ सुटली आणि मागोमाग हंड्यावरचा हात सैल झाला. कोणी म्हणेल, बाप्तिस्म्याआधीच मन पालटले, तर मग संस्कार कशाला? कॅथोलिक शिकवण ह्याला उत्तर देते. माणूस देवाकडे वळण्याच्या आधी देवाची कृपा त्याच्याकडे आलेली असते. त्या रात्रीचा विचार हाच मुळी कृपेचे काम होता, आणि बाप्तिस्म्याने त्या कृपेला तिचे घर मिळाले. दुष्काळाच्या त्या वर्षांत टिळकांनी अनाथ मुले घरी आणली, तेव्हा त्यांना जेवू-खाऊ घालणारे, न्हाऊ-माखू घालणारे हात ह्याच लक्ष्मीबाईंचे होते. धान्य धुऊन घेणाऱ्या घरातले ते हात!

टिळकांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९१७ साली, पंचावन्न वर्षांच्या वयात, त्यांनी मिशनच्या नोकरीचा व पगाराचा त्याग केला आणि 'देवाचा दरबार' ह्या नावाने ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ आरंभिला. बाप्तिस्मा घेऊन बावीस वर्षे झाली होती, नाव झाले होते. तरीही त्या माणसाला आपले पालटणे पूर्ण झाले असे वाटले नाही. दोन वर्षांतच, १९१९ च्या मे महिन्यात, त्यांचे निधन झाले. ह्या लेखाचे लेखकही आता पन्नाशी ओलांडून गेलेले आहेत, आणि ह्या वयात माणसाला बदलापेक्षा स्थैर्य किती प्रिय होते ते आम्ही स्वानुभवाने जाणतो.

हे वाचताना आपल्या धर्मग्रामांतील अनेकांच्या मनात एक कडू आठवण जागी होईल. आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे त्या पाण्याच्या हंड्याच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. धर्मगुरू गावोगाव हिंडू लागले आणि हे लोक ख्रिस्ती झाले, तेव्हा 'पोटासाठी बाटले' असा टोमणा त्यांना ऐकावा लागला, आणि अजूनही कधी कधी तो ऐकू येतो. त्यात आम्हांला लाज वाटण्याजोगे काही दिसत नाही. प्रभूच्या मागेही लोक भाकरीसाठी गेले होते, आणि प्रभूने त्यांना आधी भाकरी दिली. प्रश्न आहे तो पुढच्या पिढ्यांचा. आज आपल्याच घरांत सोयरीक ठरविताना 'ते मूळचे कोण?' असे हळूच विचारले जाते, आणि उत्तर ऐकून पुष्कळदा बोलणी तेथेच थांबतात. डिसेंबर २०१६ मध्ये भारताच्या कॅथोलिक बिशप परिषदेने दलित ख्रिस्ती बांधवांविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले, त्यात ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद पाळला जातो, ह्याची कबुली दिलेली आहे. मिस्सा न चुकविणाऱ्या घरातही 'मूळचे कोण' हा प्रश्न शिल्लक असेल, तर एक सोवळे सुटून दुसरे नेसले गेले, इतकेच.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

आपला जिल्हा अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. खडी फोडण्याची कामे आणि मिलोच्या भाकरी ज्यांना आठवतात, त्यांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. ह्याच जिल्ह्यात स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर ह्यांनी आपले आयुष्य वेचले. १९४८ मध्ये ते भारतात आले आणि २०२१ मध्ये, शहाण्णव-सत्त्याण्णव वर्षांच्या वयात, निवर्तले. अहमदनगरचे सोशल सेंटर, १९८९ पासूनचा इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली 'वॉटर' ही संस्था, ह्या साऱ्यांच्या मुळाशी त्यांचे परिश्रम आहेत. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या टँकरवर जगणाऱ्या गावांनी ह्या कामातून पाणी पाहिले.

पाणलोटाच्या कामाचा पहिला धडा शेतकऱ्यांना असा शिकविला जातो: काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत करावयाचे. आधी डोंगरमाथा, मग उतार, मग शेताची बांधबंदिस्ती, आणि सर्वांत शेवटी नाल्यातला बंधारा. लोकांची घाई उलटी असते. सर्वांना बंधारा आधी हवा असतो, कारण बंधारा दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते, त्यावर नाव कोरता येते. पण वरचा डोंगर उघडाबोडका ठेवून खाली बंधारा बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. मग दर उन्हाळ्यात गाळ काढावा लागतो, आणि दर पावसाळ्यात तो पुन्हा येऊन बसतो. वर समपातळीत चर खणले, गवत आणि झाडे वाढू दिली, की पाणी धावायचे थांबते, चालू लागते, आणि चालता चालता जमिनीत मुरते.

आमचे पुष्कळसे पापनिवेदन हे नाल्यातला गाळ काढण्यासारखे झालेले आहे. ईस्टरच्या आधी गाळ काढला, नाताळाच्या आधी पुन्हा काढला. तोच गाळ आणि तेवढाच. 'राग आला', 'खोटे बोललो', 'प्रार्थना चुकली'. हा गाळ कोणत्या डोंगरावरून येतो, हे पाहायला वर कोणी चढत नाही. रागाच्या वर बहुधा एखादा अपमान असतो, अपमानाच्या वर एखादी जुनी वाटणी असते, आणि त्याच्याही वर, अगदी माथ्यावर, 'माझे मीच राखले पाहिजे, देवाच्या भरवशावर राहून भागणार नाही' अशी श्रद्धाहीनता उघडी पडलेली असते. गाळ काढण्याला आम्ही विरोध करीत नाही. तो काढलाच पाहिजे. पण काम वरून सुरू झाले पाहिजे.

दुसरा धडा बंदीविषयीचा. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे शब्द आपल्या जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला शिकविले. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही दोन्ही गावे आपलीच. पाणलोट कार्यक्रमातही गावाने आधी ह्या बंदीचा ठराव करावा आणि श्रमदान करावे, अशी अट असे. डोंगराला तारेचे कुंपण घालणे परवडणारे नव्हते, म्हणून लोकांच्या संमतीचेच कुंपण घालावयाचे. ठराव करणे सोपे, पण अडचण लगेच पुढे येते. ज्याच्या दारात एकही शेळी नाही, त्याला चराईबंदी पाळायला काहीच पडत नाही. तो सभेत सर्वांत आधी हात वर करतो. ज्याचे घर मेंढरांवर चालते, त्याला मात्र तीच बंदी पोटावर पाय आल्यासारखी वाटते. म्हणून ज्या गावांनी मेंढपाळांचे ऐकून घेतले आणि त्यांच्या चाऱ्याचा विचार केला, तेथे बंदी टिकण्याची आशा असते. नुसत्या दंडाच्या पावत्या फाडून ती टिकत नाही.

धर्माचरणातही हेच आहे. ज्याला मांसाची आवडच नाही, त्याने शुक्रवारी मांस वर्ज्य केले, ह्यात काय वर्ज्य झाले? आपल्याला जे नियम पाळायला सोपे जातात, ते आपण मोठ्या अभिमानाने पाळतो, आणि ते न पाळणाऱ्यांविषयी कठोर बोलतो. ज्या ठिकाणी आपली मेंढरे चरतात, त्या डोंगराचा ठराव मात्र आपण सभेपुढे येऊ देत नाही. त्या गृहस्थांच्या बाबतीत तो डोंगर म्हणजे तो बांध होता.

जक्कयाचा हिशेब

संत लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची कथा सर्वांना पाठ आहे. बुटका जकातदार, उंबराचे झाड, प्रभूने मारलेली हाक, आणि जक्कयाचे घोषणापत्र: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसविले असेल त्याला चौपट. ह्या 'चौपट' शब्दाशी थोडे थांबावे, असे आम्ही सुचवितो. मोशेच्या नियमशास्त्रात भरपाईचे दर ठरलेले होते. अन्यायाने घेतलेले कोणी स्वतःहून कबूल केले, तर मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा, एवढीच भरपाई लेवीय व गणना ह्या पुस्तकांत सांगितलेली आहे. म्हणजे शंभराला एकशेवीस. चौपटीचा दर निर्गम पुस्तकात आहे तो मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोरासाठी. जक्कयाने नियमाचे पुस्तक उघडले असते, तर तो एकशेवीस देऊन मोकळा झाला असता, आणि कोणताही परुशी त्याला नाव ठेवू शकला नसता. त्याने स्वतःला चोराच्या दराने आकारले, आणि वर अर्धे घर वाटून टाकले.

आणखी एक गोष्ट. प्रभूने झाडाखाली उभे राहून त्याला नियम सांगितला नाही, 'आधी परत कर, मग तुझ्याकडे येईन' असेही म्हटले नाही. आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे, एवढेच तो म्हणाला. पाहुणा आधी घरात आला, हिशेब नंतर झाला. ह्याच्या उलट तो श्रीमंत तरुण पाहा. लहानपणापासून साऱ्या आज्ञा पाळल्या, असे तो खरेपणाने सांगतो, प्रभू त्याच्याकडे प्रेमाने पाहतो, आणि तरीही तो खिन्न होऊन निघून जातो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ तर अंगणापर्यंत येऊन आत पाऊल टाकीत नाही. त्याने एकही आज्ञा मोडलेली नव्हती. बापाच्या घरी तो मजुरासारखा राहिला होता, आणि मजुरीचा हिशेब मात्र त्याने जपून ठेवला होता.

येथे एक व्यावहारिक सूचना करणे आवश्यक आहे. पापांची क्षमा मिळाली म्हणजे भरपाईची जबाबदारी संपली, असा समज आपल्यात खोलवर रुजलेला आहे. तो चूक आहे. चोरलेले परत करणे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळविणे, झालेले नुकसान शक्य तितके भरून देणे, हे ख्रिस्तसभा क्षमा मिळालेल्यांकडून अपेक्षिते. प्रायश्चित्त म्हणून धर्मगुरूने तीन 'प्रणाम मरिया' सांगितले असतील, तर ते म्हणावेतच. पण सरकलेला हद्दीचा दगड तीन 'प्रणाम मरियां'नी जागेवर जात नाही. आम्ही धर्मगुरूंनीही पापनिवेदनाच्या वेळी रांग लांब आहे म्हणून घाई करू नये. आम्ही ती पुष्कळदा केलेली आहे.

आता त्या गृहस्थांविषयी. उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. बांधाचा विषय काढण्याचे धैर्य आम्हांला लगेच झाले नाही. चहा झाला, कांद्याच्या भावाचे बोलणे झाले. मग आम्ही त्यांना एवढेच विचारले, की धाकट्याच्या मुलीचे लग्न ठरल्याचे ऐकतो, आपण जाणार का? ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "भावजींनी पत्रिका नाही दिली. पण पोरगी लहानपणी माझ्याच मांडीवर झोपायची." गृहस्थ उठून बाहेर गेले. आम्ही निरोप घेतला तेव्हा ते गोठ्याजवळ उभे होते, आणि आमच्याकडे न पाहता म्हणाले, "फादर, तो दगड मी हलवलेला नाही. पण तो हलला तेव्हा मी गप्प बसलो होतो."

ईस्टर होऊन गेला. दावा अजून न्यायालयात आहे, पुढची तारीख जूनमधली. एप्रिलच्या शेवटी त्यांनी स्वतःचे पैसे भरून पुन्हा मोजणीसाठी अर्ज दिला, आणि मोजणीत जे येईल ते मान्य आहे असे लेखी लिहून ते वकिलांकडे ठेवले. लग्नाला ते गेले. मंडपात शेवटच्या रांगेत बसले, अक्षता टाकल्या, जेवायला थांबले नाहीत. धाकट्या भावाने त्यांना पाहिले, पण तो जवळ आला नाही. गेल्या रविवारी दोघे पुन्हा मंदिरात होते, एक खिडकीशी, एक दाराजवळ. शांतीची खूण देण्याची वेळ झाली तेव्हा थोरल्याने मागे वळून हात जोडले. धाकट्याने खाली पाहिले. मिस्सा संपल्यावर थोरले आमच्याकडे आले आणि मोजणीची तारीख कधी मिळेल, तालुक्याला ओळखीचे कोणी आहे का, असे विचारू लागले. आम्ही म्हटले, चौकशी करतो.